उतार

पावण्याच्या सांडपाणी केंद्रावर रात्रपाळीत
मी काचेचा एक फुगा पाण्यातून वर काढते.
हरभऱ्याएवढा. इतका पातळ
की हातात असेपर्यंत खोकलासुद्धा आवरते.

केणीकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं,
"पुसायचा नाही हं, टिपायचा.
तान्ह्या पोराचं नाक टिपतात तसा.
घासलास तर काचेवर वीज चढते
आणि मग घटकाभर खोटं बोलतो."

फुग्याच्या आत ठरलेलं पाणी, ना आंबट ना तुरट.
बाहेर साऱ्या वसाहतीचं:
रंगाचं, औषधाचं, मुलाम्याच्या टाक्या धुतलेलं.
काचेला आतून-बाहेरून आयन येऊन टेकतात,
ओलांडून कुणी जात नाही.
दोन्हीकडच्या गर्दीतला फरक तेवढा
तारेतून चालू लागतो,
अंकामागे एकोणसाठ मिलिव्होल्ट.
सहाचे पाच झाले तर माझा भाऊ म्हणतो, एकानेच तर घटलं.
एकाने कसलं रे. दहापट आंबट झालं.

शेजारच्या नळीत मीठ.
तिने बदलायचं नाही, एवढंच तिचं काम.
मीठ म्हटलं की मला आजा आठवतो,
तुर्भ्याच्या मिठागरात बोट बुडवून
जिभेला लावायचा आणि सांगायचा,
"आजून दोन दिस. मंग धरंल."
आता तिथे कंटेनर उभे असतात.
हे पाणी जिभेला लावू नकोस
असं त्याला सांगायची वेळ आली नाही, बरं झालं.

दर सोमवारी तीन बाटल्या:
चारची गुलाबी, सातची पिवळी, दहाची निळी.
तिन्हींत बुडवून पाहायचं, उतार किती राहिला.
नव्याचा शंभराला टेकलेला असतो,
याचा शहाऐंशी.
ग्रीसने म्हातारा झालाय.
उतार हा शब्द मला तापामुळे ठाऊक होता,
आई कपाळावर हात ठेवून म्हणायची, पडला हो.

काल रात्री पडद्यावर सात पूर्णांक दोन.
अर्ध्या तासाने सात पूर्णांक दोन.
सव्वादोनलाही तेच.
सांडपाणी असं शहाण्यासारखं वागत नाही.

बॅटरी घेऊन आवक-नाल्यापाशी गेले.
प्रोब निळ्या बादलीत बसलेला,
नळाच्या पाण्यात, आरामात.
वर एक डास.
केबल कठड्याला सुतळीने बांधलेली,
दुहेरी फास, शेपूट आत खोचलेलं.
ती गाठ मला येते.
ज्यांनी शिकवली त्यांना निवृत्तीला दोन महिने उरलेत
आणि मुलीचं लग्न मार्गशीर्षात.

खाली नाला वाहत होता.
वास व्हिनेगरचा, त्याखाली आणखी कसला तरी.
सिमेंटच्या कडेची खडी उघडी पडलेली,
हिरड्या सुटलेल्या दातांसारखी.

मी गाठ सोडली. कापली नाही, सोडली.
प्रोब नाल्यात सोडला आणि आकडा बघत बसले.
गुडघे दुखणारं माणूस जिना उतरतं
तसा तो उतरला:
सहा. थांबला. पाच.
चार पूर्णांक एक.
तीन.
दोन पूर्णांक नऊ, आणि तिथेच बसला.
मागे चुन्याचा पंप आपणहून घरघरला.

वहीत लिहिलं, पेनाने:
दोन चाळीस. प्रोब बादलीत आढळला. नाल्यात सोडला. २.९.
कुणी ठेवला, याचा रकाना वहीत नाही.
मी आखलाही नाही.
बादलीतलं पाणी गेटपाशीच्या कढीपत्त्याला घातलं.
चांगलं पाणी होतं.

सकाळी केणीकाका आले.
चष्मा कपाळावरून खाली घेतला, पान वाचलं,
परत एकदा वाचलं.
सुतळीचं रिळ टेबलावर होतं,
ते खिशात घातलं.
दारापर्यंत गेले, तिथून पाठमोरेच म्हणाले,
"घासला नाहीस ना?"

टिपला, मी म्हटलं.